तिसऱ्या मजल्यावरचं घर

नगरपंचायतीच्या अध्यक्षबाईंचं घोडं भाषणातल्या एकाच वाक्यावर अडलं होतं. जुनी वस्ती पाडून नवी उभी केली, रस्ते रुंद झाले, दवाखाना आला, पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार आले, हे सगळं त्यांनी एका दमात लिहून काढलं होतं. पुढे लिहायचं होतं की सर्व कुटुंबं आपापल्या घरी परतली. पण ते खरं नव्हतं. एक कुटुंब परतलं नव्हतं, आणि ते नेमकं त्यांच्या सख्ख्या भावाचं होतं.

भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करायचा. जुन्या घराची पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान. अध्यक्षबाईंचा शाळेचा सगळा अभ्यास त्याच्या कामाच्या टेबलाखाली बसून झालेला. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानंच त्यांना वाढवलं. त्यांच्या वेण्यासुद्धा तोच घालायचा, आणि त्या इतक्या वाकड्या व्हायच्या की वर्गातल्या मुली तोंड फिरवून हसायच्या. पुढे बहिणीला निवडणुकीत उभं करायलाही तोच हट्टाला पेटला. “आमची बुटकी सगळ्यांना सारखं वाटून देईल,” असं दारोदार सांगत फिरला, आणि बुटकीनं ते फारच मनावर घेतलं.

नव्या इमारतींतली घरं चिठ्ठ्या टाकून द्यायची, हा नियम बाईंचाच. ओळख चालणार नाही, शिफारस चालणार नाही, तळमजल्यावर कुणाचं दुकान नाही. दुकानवाल्यांना रस्त्यापलीकडे सारख्या मापाचे गाळे. दादाच्या वाट्याला तिसरा मजला आला. जन्मात कधी न आलेला माणूस मग बहिणीच्या कार्यालयात आला, खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला आणि तळमजला बदलून मागितला. जेवता जेवता हात धुऊन गिऱ्हाईक बघणारा माणूस तो, घर आणि काम त्यानं कधी वेगळं केलंच नव्हतं. बाई नाही म्हणाल्या. भावाला दिलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. दादानं वाद घातला नाही. राहायला आणि कामाला गावाबाहेर एक शेड भाड्यानं घेतली आणि बहिणीपुरती तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

बाई फोन करत, तो वाजून वाजून बंद पडे. खुशाली कळायची ती वहिनीकडून, तीही तो बाहेर गेला की चोरून. वहिनीच्या मते रागबिग काही नव्हता, नुसता रुसवा होता, आणि दोघं भावंडं एकाच मुशीतली होती. बाई नव्या इमारतीवरून जाताना वर बघत. सगळ्या खिडक्यांत कपडे वाळत असायचे, कुंड्या असायच्या, दादाची तेवढी रिकामी. गावात त्यांच्यापुढे माना झुकत होत्या, पण त्यांना हवा होता तो दादा. कुणीतरी खेकसून ‘जेवलीस का’ असं विचारावं, यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

ठरल्या मुदतीत ताबा घेतला नाही तर घर वस्तीबाहेरच्या गरजूंच्या प्रतीक्षायादीतल्या पुढच्या कुटुंबाला जाणार होतं. पुढची होती शाळेतली स्वयंपाकीण. दोन मुलींना घेऊन ती एका गोदामाच्या मागच्या खोलीत दिवस काढत होती. सभेच्या आदल्या आठवड्यात कार्यालयातल्या सचिवांनी हळूच सुचवलं की मुदत आणखी थोडी वाढवू, कुणाच्या लक्षात येतंय. बाईंना मोह झाला. चांगला दोन दिवस टिकला. मग शाळेच्या भेटीला गेल्या, तेव्हा स्वयंपाकिणीची धाकटी चुलीच्या धुरात बसून गणितं सोडवताना दिसली, आणि परत आल्यावर त्यांनी सचिवांना नाही म्हणून सांगितलं.

सभा दुपारी नव्या सभागृहात झाली. ज्यांना येणं जमलं नाही ते घरी फोनवर बघत होते. बाईंनी रस्ते वाचले, दवाखाना वाचला, आणि त्या वाक्यापाशी येऊन कागद खाली ठेवला.

“सगळे परतले, असं मी म्हणणार होते. माझा भाऊ परतला नाही. सगळ्यांना सारखं द्यायचं म्हणून आम्ही खोल्या मोजल्या. कुणाचं घर कशावर चालतं, ते विचारलं नाही. त्यालाही मी विचारलं नाही.”

मग त्यांनी स्वयंपाकिणीला पुढे बोलावलं आणि मुदत संपलेल्या त्या घराची किल्ली तिच्या हातावर ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकिणीला रडू आवरेना, आणि बाईंनी हसरा चेहरा कसाबसा धरून ठेवला.

संध्याकाळी तिला घर दाखवून बाई जिना उतरत होत्या, तर खालच्या पायरीशी दादा उभा. हातात हत्यारांची पेटी, केस निम्मे पांढरे. चढण्याआधी दम घेत असल्यासारखा जिन्याकडे बघत उभा होता.

“बुटके, तू विचारलं नाहीस, माझं एवढंच म्हणणं होतं,” तो म्हणाला. “आज सगळ्यांसमोर बोललीस. तेवढं ऐकलं, फोन बंद केला आणि निघालो. तुझी वहिनी उद्या सामान घेऊन येते. गाळा तर गाळा. किल्ली दे.”

वरून मुलींच्या धावण्याचा आवाज येत होता, नळ वाहत होता, कुणीतरी ‘ही खोली माझी’ म्हणत होतं. दादानं मान वर करून ऐकलं.

“कुणाला दिलंस?”

त्यांनी सांगितलं. दादानं पेटी पायरीवर ठेवली आणि तिथंच खाली बसला. बाईही बसल्या. मग बरं केलंस, असं तो म्हणाला, आणि तसं तो मनापासून म्हणत होता, हेच बाईंना सोसवेना.

“आता नाव घातलं तर माझा नंबर कितवा?”

“शेवटचा.”

“मग घाल.”

त्यानं आता एकदा, फक्त एकदा, काहीतरी वशिल्यानं मागावं, असं बाईंना फार वाटलं. या वेळी त्या नाही म्हणाल्या नसत्या. दादानं काही मागितलं नाही.