गाऱ्हाण्याची संमती

आमच्या विद्यापीठातल्या एका शाखेच्या पाटीवर 'व्यवस्थापन आणि तंत्रज्ञान' असं लिहिलंय. त्यातला 'आणि' म्हणजे मी. खालच्या मजल्यावर संगणकवाले बसतात, वर व्यवस्थापनवाले, आणि दोघांच्या मुलांना एकत्र शिकवायचं म्हणून मी दिवसभर जिने चढते-उतरते. वरचे मला खालची समजतात, खालचे वरची. पुण्यात इतकी वर्षं काढून मला स्वतःचं म्हणावं असं टेबलसुद्धा धड मिळालेलं नाही.

तशात विनीत भेटला. संगणकवाला, पक्का पुणेकर, बांगडा आणि पेडवे या माशांत फरक कळत नाही, पण माणूस सरळ. आम्ही दोघं एकाच फळ्यापुढे उभं राहून शिकवायला लागलो आणि रापणीवर काम काढलं. रापण म्हणजे सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. मासळीचे वाटे पाडताना कचाकचा भांडलेली माणसं दुसऱ्या दिवशी तोच दोर हातात कशी धरतात, हा माझा प्रश्न. ते भांडण मालवणीतून जसंच्या तसं लिहून घेणारं आणि त्याचा अर्थ लावणारं यंत्र बनवणं, हा विनीतचा.

कामाचं कौतुक झालं. शाखेने ठरवलं, मुलांना सहा-सहा महिने किनाऱ्यावरच शिकवू. जागा म्हणून माझ्या गावातली, देवबागची, बंद पडलेली शाळा नजरेत भरली. गावाने होकार दिला तर केंद्र तिथे होणार आणि ते चालवायला मी जाणार. मला घरी यायचं होतं. संशोधन, अभ्यासक्रम, किनाऱ्याचा विकास हे सगळं मी अर्जात लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण मनात एकच होतं. खाडीच्या बाजूची खिडकी उघडायची, त्या खिडकीशी टेबल लावायचं आणि दुपारी जेवायला बाबांकडे जायचं. आई गेल्यापासून बाबा एकटे जेवतात, आणि एकटा माणूस आमटी करत नाही.

गावसभा त्याच शाळेत भरली. भिंतीवर पांढरा पडदा, त्यावर यंत्राने लिहिलेलं दिसणार. जो बोलेल त्याचा आवाज वेगळा, मागणी एका बाजूला, तिला कोण हो म्हणालं ते दुसऱ्या बाजूला. विनीत नव्या नवरीसारखा नटून आला होता.

सभा सुरू होणार तोच सरपंच दीपिकावहिनी म्हणाल्या, "आदी गाऱ्हाणां होऊंदेत. गुरुदासकाका, घाला."

आमच्याकडे विहीर खणायची असो की लग्नाचा मांडव घालायचा असो, आधी देवाला गाऱ्हाणं. आणि गावात ते घालायचं माझ्या बाबांनी. ते उठले, नारळ ठेवला, हात जोडले आणि त्यांचा तो एरवी न ऐकू येणारा आवाज निघाला.

"बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी सभा.

"आज ही पोरां लांबसून इलीहत. जा काम हातात घेतल्यानी हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाडीवर काय इडापिडा आसात ती दूर कर. काय चुकला-माकला आसात तर माफी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पडद्यावर ओळी भराभर उमटत होत्या. मला हसू येत होतं. मग बाबा थांबले. मला वाटलं संपलं.

"आणि माझा चेडू पोटासाठी परमुलखात ऱ्हवताहा. तेका सुखरूप घराकडे हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. ते चेडू, ती मुलगी, म्हणजे मी; तरी मीसुद्धा म्हणाले. ठरवून नाही, तोंडातून निघालंच. डोळे भरले म्हणून मी पडद्याकडे पाहायचं टाळलं.

त्यानंतर खरी सभा झाली. मी उभी राहून केंद्र समजावलं, जमेल तितक्या मालवणीत. लोकांनी नीट ऐकून घेतलं. मग एक जण म्हणाला, पावसात जाळी ठेवूक हीच एक सुकी जागा आसा. दुसरी म्हणाली, लग्नाची पंगत खंय मांडायची? शेवटी दीपिकावहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बगूया." मग मागूनही दोन-चार जण म्हणाले, बगूया. लाडू-चहा झाला, माणसं पांगली.

संध्याकाळी आमच्या ओटीवर विनीतने संगणक उघडला आणि ओरडलाच. "मॅडम, पेढे काढा! प्रकल्पाला यश: संमती, जवळजवळ सर्वानुमते. विरोध शून्य! काही जण विचाराधीन आहेत, बस्स. हे आज पाठवलं की केंद्र मंजूर."

मी त्या आकड्यांकडे बघत बसले. देवाला दिलेला होकार यंत्राने आम्हाला दिला होता. आणि 'बगूया' त्याने विचाराधीन धरलं होतं. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. 'बगूया' म्हणजे नाही, हे देवबागच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

पण विनीतला कळत नव्हतं. पुण्यात कुणालाच कळणार नव्हतं. मी गप्प बसले असते तर पुढच्या वर्षी त्या खिडकीशी माझं टेबल असतं. बाबांनी मागितलं, यंत्राने दिलं, यात कुणाचं काय बिघडलं? खरं सांगते, मी हातातला चहा थंड होईपर्यंत गप्पच होते.

आत बाबा तांदूळ निवडत होते. उद्या शाळेला कुलूप लागलं आणि जाळी पावसात भिजली, तर लोक म्हणणार, गुरुदासकाकांच्या गाऱ्हाण्यावर शाळा गेली. मग बाबा कुठल्या तोंडाने देवापुढे उभे राहणार?

"विनीत, तो होकार देवाला होता," मी म्हटलं. "गाऱ्हाणं सगळं काढ. आणि विचाराधीन जिथे आहे तिथे 'नाही' लिही."

त्याने माझ्याकडून दोनदा समजावून घेतलं. शेवटी म्हणाला, "मग आपल्याकडे उरतंच काय?"

"'नाही' उरतं."

तो एकेक ओळ खोडत गेला. एका ओळीपाशी थांबला. मागणी: मुलगी घरी यावी. "मॅडम, इथल्या आवाजांत एक 'संशोधक' म्हणून आलाय. हा तुमचा आहे. संशोधकाचा होकार धरत नाहीत, तो तर काढावाच लागतो." मग खालच्या आवाजात म्हणाला, "काढू?"

त्या दिवसभरात मी मनापासून बोललेला तो 'व्हय' हा एकच शब्द होता.

"काढ," मी म्हटलं.

सकाळी गाडी आली. बाबांनी गाऱ्हाण्याच्या नारळाचं अर्धं भकल कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातलं.

"काय सांगल्यान गो तुमच्या मशीनीन?"

"शाळा देऊक नको म्हणतत, बाबा."

"तां माका कालच कळला," ते म्हणाले. मग पिशवीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधत त्यांनी विचारलं, "मगे तू घराकडे कदी येतलंस?"

विनीत गाडीत बसला होता. परीक्षा तोंडावर होत्या, दोन मजल्यांचं वेळापत्रक मलाच लावायचं होतं.

"बगूया, बाबा," मी म्हटलं.

बोलून गेले आणि मग मला ते ऐकू आलं. बाबांनाही आलं. त्यांनी मान हलवली, आणि पिशवी माझ्या हातात दिली.