कमी आवाजाचं मशीन

शेजारच्या मळ्यातलं वासरू बिबट्याने ओढून नेलं, तेव्हापासून गेणभाऊ सुताराचा एक कान सतत उसाकडे असे. त्याची पडवी मळ्याच्या टोकाला, आणि पडवीला लागूनच ऊस. हाताने लाकूड घासताना नुसती पानं हलली तरी ऐकू यायचं. पण यंदा उजवा खांदा आखडला, आणि लग्नघरचा सागवानी दरवाजा वार्निशच्या आधी घासून गुळगुळीत करायचा होता. मशीन घेण्यावाचून इलाज नव्हता.

बायकोला, ठमाबाईला, घेऊन तो नारायणगावला गेला. दुकानदार पीयूषने आधी पट्ट्याचं मोठं मशीन चालू केलं. सगळं दुकान किंचाळायला लागलं.

"ह्ये नको," गेणभाऊ म्हणाला. "मागं वाघ आला तरी कळायचं न्हाई."

पीयूष हसला. गेणभाऊ हसला नाही. मग पीयूषने मुठीत मावेल असं एक लहान मशीन काढलं. खाली चौकोनी तळ, त्याला पॉलिश पेपर अडकवलेला. ते नुसतं गुणगुणत होतं.

"दरवाजाला हेच बरं, भाऊ. मोठ्या मशीनने लाकडाला खड्डे पडतात."

"करंट तर न्हाई ना मारायचं?" ठमाबाईने विचारलं. तिचा भाऊ विहिरीच्या मोटारीला चिकटून मरता मरता वाचला होता.

"नाही काकू, वरून सगळं प्लास्टिक आहे."

तिची खात्री पटली नाही, पण मशीन घरी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली. गेणभाऊने नाकाला फडकं बांधलं आणि मशीन दरवाजावर टेकवलं. ठमाबाईने उसाकडे लक्ष ठेवायचं ठरलं होतं. पण मशीन गुणगुणायला लागलं आणि तिची नजर वायरवरून हलेना. उसाकडे पाठ करून, उकिडवी बसून ती वायरच बघत राहिली.

लाकडाला हात लावून बघावा म्हणून गेणभाऊने मशीन बंद केलं. कोंबड्या कलकलत होत्या. त्याने मान वर केली.

ठमाबाईच्या मागे, उसाच्या तोंडाशी बिबट्या होता. पोट जमिनीला टेकलेलं. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतं, असं वनखात्याची माणसं गावात सांगून गेली होती.

"ठमे," गेणभाऊ कसाबसा बोलला, "उभी ऱ्हा. मागं बघू नको."

"का? करंट आला का?"

"उभी ऱ्हा!"

ती उठली. बिबट्याने डोकं वर केलं. गेणभाऊने हाताला लागलेली फळी डोक्यावर उचलली, खांद्यातून कळ गेली, आणि तो तिच्या पुढ्यात येऊन ओरडला. काय ओरडला ते त्यालाही कळलं नाही. उसाचं वाळलं पाचट वाजलं. उसाचे शेंडे लांबवर हलत गेले.

ठमाबाईने वळून पाहिलं. ती खाली बसायला लागली.

"बसू नको गं!" त्याने तिला ओढत घरात नेलं, कडी लावली. शेजारी काठ्या घेऊन येईपर्यंत दोघं दाराला पाठ लावून उभी होती.

पुढे पिंजरा लागला, एक मादी अडकली. तीच होती का, कुणाला सांगता येईना. गेणभाऊने दरवाजा टेम्पोत घालून गावात, चुलतभावाच्या अंगणात नेला. चारी बाजूंना घरं होती. ठमाबाईला कुणीतरी पाट दिला, पण दरवाजा घासून होईपर्यंत ती भिंतीला टेकून उभीच राहिली.