नाकेदारीण कोणाची?

"अहो लेखक, एक फुगा रिकामा आहे. काय भरू?"

तेवीस वर्षे झाली या वाक्याला. माझी दाढी अर्धी झाली होती, एका गालावर साबणाचा फेस होता आणि रिसीव्हर मानेत धरून मी आरशाकडे पाहत होतो. फोनवर अक्षरताई होत्या. आमच्या कॉमिकमधली सगळी अक्षरे त्यांच्या हातची. पात्रांच्या तोंडाशी चित्रकार जे पांढरे फुगे काढून ठेवतो, त्यांत माझी वाक्ये शाईने लिहायची, हे त्यांचे काम.

"कुठला फुगा?" मी विचारले.

"पान नऊ. जहाज जकात नाक्यावर थांबतं ना, तिथे मागे खिडकीत एक बाई बसलीय. चित्रकारांनी तिला फुगा लावलाय. तुमच्या कागदावर तिला वाक्यच नाही."

"बाईच नाही माझ्या कागदावर."

"आता आहे. तोंड उघडून बसलीय बिचारी. आणि छापखान्याचा माणूस माझ्या दारात बसलाय."

"मग काहीही भरा हो, आणि द्या पाठवून."

मी फोन ठेवला आणि उरलेली दाढी केली. नाकेदारिणीच्या जन्मात माझा वाटा एवढाच.

तिचा जन्म व्हायला नको होता, हेही सांगायला हवे. आमचे कॉमिक परवान्यावर चालायचे. अंतराळातल्या एका मोठ्या सिनेमामालिकेची गोष्ट, तिच्या मालकांनी आम्हाला छापायला दिलेली. जहाज त्यांचे, कप्तान त्यांचा, आकाशातले तारेसुद्धा त्यांचे; आमची फक्त धावपळ. त्यांची नियमांची वही होती. कप्तानाने रडायचे नाही. कप्तानाने बसून जेवायचे नाही. कोणी मरायचे नाही, कोणी म्हातारे व्हायचे नाही, आणि नवे पात्र विचारल्याशिवाय आणायचे नाही. दुसऱ्याच्या घरी राहायला गेल्यासारखे वागायचे: वापरा, पण निघताना उशी जिथे होती तिथे ठेवा. प्रत्येक पान त्यांच्या मंजुरीच्या कचेरीत जाऊन यायचे. त्या महिन्याचे पान नऊ कप्तानाच्या पट्ट्याचे बक्कल चुकले म्हणून तीनदा परत आले. बकलाच्या भानगडीत मागच्या खिडकीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

अंक आला. कप्तान नाक्यावर ओरडतो, "बाजूला व्हा! मला विश्व वाचवायचं आहे!"

आणि खिडकीतली ती जाडसर बाई, मान वर न करता, म्हणते, "वाचवा की. पण रांगेत या."

लोक वेडे झाले. पत्रांनी टेबल भरले. नाक्यावरच्या बाईला परत आणा, तिचे नाव काय, ती कप्तानाला पुन्हा कधी झापणार? वाचकांनीच तिला नाव दिले, नाकेदारीण. मालकांच्या कचेरीला जाग आली तोवर उशीर झाला होता. एवढ्या लाडक्या बाईला घराबाहेर कसे काढणार? राहू द्या, असे कळवले त्यांनी.

पुढच्या अंकासाठी मी तिला चार वाक्ये लिहिली. अंक हातात आला तेव्हा चारही वाक्ये वेगळी होती. माझी वाक्ये चुरचुरीत होती. छापलेली खरी होती. मी ती दोनदा वाचली. तेव्हा एक फोन करायला हवा होता. रागाचा नाहीतर आभाराचा, पण करायला हवा होता. केला नाही. त्यानंतर मी कागदावर लिहू लागलो, "नाकेदारीण काहीतरी बोलते." अक्षरताईंनी कधी विचारले नाही, काहीतरी म्हणजे काय. असे एकेचाळीस अंक निघाले.

मधल्या काळात माझे केस पांढरे झाले, कॉमिक बंद पडले आणि व्याख्याने सुरू झाली. परक्याच्या कथेत आपले पात्र कसे जगवावे, यावर मी बोलायचो. "आम्हाला स्वातंत्र्य नव्हतं," मी म्हणायचो, "म्हणून मी तिला मागच्या खिडकीतून आत आणलं." टाळ्या पडायच्या. ते वाक्य मी इतक्यांदा म्हटले, की त्यातला 'मी' मला टोचेनासा झाला होता.

मग गेल्या महिन्यात मालकांचे पत्र आले. नव्या सिनेमात नाकेदारीण येणार होती. हक्क सगळे त्यांचेच, ते परवान्यातच लिहिलेले. पण सिनेमाच्या शेवटी तिच्या निर्मात्याचे नाव झळकणार होते. एकच नाव. सोबत एक छापील कागद होता: हे पात्र कोणी निर्माण केले? खाली एक ओळ मोकळी. चित्रकार तर कधीच वारला होता.

मी ओळ भरली.

परवा मंजुरीच्या कचेरीतल्या मुलीचा फोन आला. आवाज गोड, कामाला चोख. "सर, जिला ही भूमिका मिळालीय ना, त्या बाईंना जाणून घ्यायचंय, नाकेदारीण मुळात कुठून आली? म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं? एक पानभर लिहून द्याल?"

"देतो की," मी म्हणालो. आणि टेबलाशी बसलो. सबंध दुपार बसलो. मला काही म्हणता काही माहीत नव्हते. ती चहा पिते का, तिला मुलेबाळे आहेत का, मान का वर करत नाही, काही नाही.

म्हणून आज सकाळी मी अक्षरताईंकडे गेलो.

तिसरा मजला, अरुंद जिना. दार त्यांनीच उघडले.

"अरे वा, लेखक! वाट चुकलात की जिना चुकलात?"

खोलीत खिडकीखाली तेच उतरते टेबल. आता त्या शाळांच्या प्रमाणपत्रांवर मुलांची नावे लिहितात. उजवा हात थरथरतो, म्हणून डाव्या हाताने त्याचे मनगट दाबून धरतात. टाक कागदाला टेकला की थरथर थांबते. मी बसलो. त्यांनी ओल्या नावावर फुंकर घातली आणि प्रमाणपत्र बाजूला वाळत ठेवले.

"आपली बाई सिनेमात येतेय म्हणे," त्या म्हणाल्या.

आपली. तो शब्द त्यांनी इतका सहज उच्चारला, की मला पायांकडे पाहावे लागले.

"हो, येतेय."

"नाव कोणाचं लावतील हो?"

"बघू. ते त्यांचं ठरवतात," मी म्हणालो. मी घाईने वही काढली. "ताई, एक सहज विचारायचं होतं. ती तुम्हाला सुचली कशी?"

त्या हसल्या. "फार लवकर विचारलंत!" मग टाक पुसत म्हणाल्या, "सुचायचंय काय त्यात? माझी आई ती. दवाखान्यात खिडकीत बसायची, केसपेपर काढून द्यायला. रोज दोनशे माणसं. साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब, मान वर करायची नाही. 'रांगेत या.' लोक शिव्या घालायचे, मग्रूर म्हणायचे."

मी लिहीत होतो. आई, दवाखाना, खिडकी. "कडक होत्या," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटायचं. ती गेल्यावर काकूनं सांगितलं." टाक पुसून झाला होता, तरी त्या पुसत राहिल्या. "मी चार वर्षांची होते. तापात झटके आले, काकूनं उचलून दवाखान्यात नेलं. आईनं खिडकीतून पाहिलं आणि पहिला कागद माझा काढला. रांगेत अकरा जण होते. सगळ्यांत पुढे एक बाई, कुशीत तान्हं बाळ. ती काही बोलली नाही, सरकली बाजूला. डॉक्टर एकच. अर्धा तास माझ्यापाशी होता."

"आणि ते बाळ?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करू पाहत होते. चारदा, पाचदा. मग लागली, निघून गेली.

"त्यानंतर आईनं रांगेतल्या कोणाचं तोंड पाहिलं नाही," ताई म्हणाल्या. "तोंड पाहिलं की आपलं-परकं कळतं ना. वाचक त्या वाक्याला हसायचे, मला बरं वाटायचं. म्हटलं, हसू देत. तिच्या वाट्याला कधी कोणाचं हसू आलं नव्हतं. आईला जाऊन महिना झाला होता, तेवढ्यात तुमचं पान आलं. खिडकी, खिडकीत बाई. दुसरं काय भरणार होते मी?"

माझे पेन थांबले होते. पानभर झाले होते. हवे होते तेवढे सगळे त्यात होते. वही मिटून, चहा घेऊन, जिना उतरून जाता आले असते. तेवीस वर्षे मी तेच तर करत आलो होतो.

"लिहा की, थांबलात का?" त्या म्हणाल्या. मग जरा पुढे झुकून, चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "पण लेखक, हे सगळं हवंय कशाला तुम्हाला?"

मी वहीतले पान फाडले. घडी न करता त्यांच्या टेबलावर, वाळत घातलेल्या नावांशेजारी ठेवले.

"ताई, ते त्यांचं ठरवत नाहीत," मी म्हणालो. "त्यांनी मला विचारलं होतं, ही बाई कोणाची. मी माझं नाव लिहिलं, सही केली, पाठवून दिलं. आणि आज तुमची आईसुद्धा माझी म्हणून न्यायला आलो होतो."