तीन नंबरच्या विहिरीचा नमुना

"पाणी चांगलंच आहे, तर शुद्ध करायला अनुदान कशाला?" तपासणीला आलेल्या बाईंनी फाइल मिटता मिटता विचारले.

नगरपालिकेच्या सभागृहात अनुदानाच्या अर्जाची तपासणी चालू होती. फाइलमध्ये तीन नंबरच्या विहिरीचे सहा वर्षांचे अहवाल होते आणि गेल्या महिन्याचा सोडला तर सगळे निर्दोष. नगराध्यक्षांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले, की दुष्काळाने इतर दोन विहिरी आटल्या, उरली ती हीच, आणि हिच्यात शेतातल्या खताचे नायट्रेट उतरले आहे. ते काढणारे यंत्र पालिकेला झेपणारे नाही. बाईंनी सगळे ऐकून घेतले. पण गेल्या महिन्याचा एक वाईट अहवाल सहा वर्षांच्या चांगल्या अहवालांपुढे टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. अर्जाची मुदत आजच संपत होती.

शेवटच्या बाकावर पंपवाल्या काकांच्या तोंडचे पाणी पळाले. ते सगळे नमुने त्यांच्या हातचे होते.

दोन घागरी गोड्या पाण्यात एक घागर मचूळ पाणी ओतले तर जिभेला कळत नाही. काका तिन्ही विहिरींचे पाणी टाकीत तसेच मिसळत, आणि त्यात काही वावगे नव्हते. गावाने सहा वर्षे बिनधोक पाणी प्यायले. चूक पुढची होती. नमुना विहिरीच्या तोंडाशी घ्यायचा, तो त्यांनी टाकीच्या नळाचा घेतला आणि बाटलीवर 'विहीर क्रमांक तीन' अशी चिठ्ठी चिकटवली. उगाच लोक घाबरतील, असे पालिकेचे इंजिनीअर साहेब म्हणाले होते. तोंडी. लोक पितात तेच पाणी तपासले तर बिघडले कुठे, असे काकांनाही तेव्हा वाटले होते. बाकीच्या दोन विहिरी आटल्यावर टाकीत एकट्या तीन नंबरचे पाणी उरले, तेव्हा कुठे अहवाल बिघडला.

आता निवृत्तीला दोन महिने उरले होते. खोट्या चिठ्ठीची चौकशी लागली की पेन्शन अडकणार. सकाळीच बायकोने बजावले होते, की सांगणारे साहेब गप्प आहेत तर तुम्ही कशाला शहाणपणा करता? ती हे बोलत असताना लेक शेजारीच चार महिन्यांच्या बाळाची दुधाची बाटली धूत होती, टँकरच्या उरलेल्या पाण्यात. टँकर आला नाही, तर दुधात हेच विहिरीचे पाणी जाणार होते. अशा पाण्याने तान्ह्या बाळाचे ओठ निळे पडतात, हे लेकीला दवाखान्यातल्या नर्सने सांगितले होते. बापाला तिने काहीच म्हटले नव्हते.

बाई उठल्या. काकांच्या पुढच्याच बाकावरचे इंजिनीअर मागे वळून कुजबुजले, "काका, दोन महिने राहिलेत. मूग गिळून बसा."

"साहेब, मूग गिळायलाही पाणी लागतं," म्हणत काका उभे राहिले.

"बाई, ते नमुने विहिरीचे नव्हते. टाकीचे होते. चिठ्ठी मी लावली."

बाईंनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

इंजिनीअर घड्याळाचा पट्टा नीट करू लागले. काकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले.

"या साहेबांच्या. पण बाटली माझ्या हातात होती."

बाईंनी जबाब लिहून घेतला. काकांनी प्रत्येक पानावर सही केली. जुने अहवाल रद्द, आजचा नमुना धरायचा, पण तो मी स्वतः घेणार, तुम्ही कशालाही हात लावायचा नाही, असे बाईंनी स्पष्ट सांगितले.

भर दुपारी विहिरीवर गर्दी जमली. बाईंनी नळ सोडला आणि लगेच बाटली पुढे केली.

"थांबा," काका लांबूनच म्हणाले. त्यांचे हात पाठीमागे होते. "पाइपातलं जुनं पाणी आधी वाहून जाऊ द्या. दहा मिनिटं."

दहा मिनिटे पाणी मातीत जात राहिले. गर्दीतून कोणीतरी काकांना शिवी हासडली. त्यांनी मान वळवली नाही.

बाटली भरली. नळ मात्र बाईंना बंद होईना. कितीही आवळला तरी धार सुरूच. काकांची बोटे पाठीमागे एकमेकांत घट्ट रुतली.

"जोर नका लावू, बाई. आधी थोडा वर उचला. हां. आता उजवीकडे. हळू."

शेवटचा थेंब थांबेपर्यंत ते सांगत राहिले.