माझ्या चापातलं खर्र

मित्रांनो, माझं नाव ऐकून आधी दोन पावलं मागे सरका, म्हणजे मला बरं वाटेल. मी एक पिस्तूल आहे. खेळणं नाही. मला हात लावायचा असेल तर परवाना लागतो, नेमबाजीच्या क्लबाचं सभासदत्व लागतं आणि पोलिसांच्या कागदांवर इतक्या सह्या लागतात की माणूस मध्येच कंटाळून बॅडमिंटन खेळायला जातो. वयाने मी फार जुना नाही, पण महामारीची दोन वर्षं ज्यांनी कपाटात काढली त्यांचं वय कॅलेंडरवर मोजू नये असं माझं मत आहे.

माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पाठीवर जुन्या पिस्तुलांसारखा घोडा दिसत नाही. त्याच्याऐवजी पोटात एक पोलादी सुई स्प्रिंगवर ताणून बसलेली असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. चाप ओढला की सुई सुटते. माझं सगळं रूप त्या एका चापात आहे आणि दोष होता तोही तिथेच होता. त्याच दोषाची ही गोष्ट आहे.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मी मेलबर्नला आलो. माझ्या मालकाचं नाव प्रज्ञेश. तो जवळच्या डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात मशीनचे सुटे भाग तपासायचं काम करतो. केसाएवढा फरक त्याला दिसतो आणि दिसला की जेवण गोड लागत नाही. बायको रूपाली त्याला म्हणते, तू पोळीसुद्धा मायक्रोमीटरने मोजशील. तिचं काही चुकत नाही.

क्लबात माझ्यासारखी तीन पिस्तुलं एकदमच आली होती. पहिल्या रविवारी तिघांनाही मैदानावर नेलं, शंभर-शंभर गोळ्या झाडल्या आणि मग पत्र्याच्या छपराखाली चहा पीत मालक मंडळी आमच्याविषयी बोलायला बसली. मित्रांनो, तुमच्यासमोरच तुमचं प्रगतिपुस्तक मोठ्याने वाचलं तर कसं वाटेल? तसं मला वाटत होतं. ट्रक चालवणारा हरपाल म्हणाला, "मक्खन है भाई, मक्खन." मूठ हातात छान बसते, धक्का कमी बसतो, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पंचवीस मीटरवर गोळी दोन बोटं खाली लागते, यावरही झालं. तिन्ही पिस्तुलांची तीच तक्रार होती, तेव्हा कंपनीला लिहून पुढची माशी बदलून मागवायचं ठरलं. ती माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट.

मग ग्रॅहमने मला हातात घेतलं. ग्रॅहम सत्तरीचा, क्लबातल्या सगळ्यांची हत्यारं तोच दुरुस्त करतो आणि त्याचा त्याच्याकडे रीतसर परवाना आहे. त्याने मी रिकामा असल्याची खात्री केली, चाप ओढला, डोळे बारीक केले, पुन्हा ओढला. म्हणाला, बाकी दोघांपेक्षा हा थोडा खरखरतो, दे माझ्याकडे, दहा मिनिटांचं काम आहे. प्रज्ञेश हसला. "नो वरीज, ग्रॅहम. माय डॅड विल डू इट," असं म्हणून त्याने मला पेटीत ठेवलं.

आता डॅडची ओळख करून देतो. काशीनाथ, राहणार खडकी. लष्कराच्या रायफली दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली. हजारो बंदुकांचे चाप त्यांनी बसवले, घासले, सारखे केले. पण गोळी झाडून बघायचं काम दुसऱ्या खात्याचं. त्यामुळे चौतीस वर्षांत या माणसाने एकदाही गोळी झाडली नव्हती. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, काही राहिलं का म्हणून विचारलं. काशीनाथ नाही म्हणाले. घरी आल्यावर मात्र बायकोला म्हणाले, एक गोळी राहिली.

प्रज्ञेशने ते ऐकलं होतं. मला घेतलं ते त्यासाठीच. आमच्या क्लबात पाहुण्यालाही सभासदाच्या देखरेखीखाली गोळी झाडता येते, फक्त एक फॉर्म भरावा लागतो. तो फॉर्म प्रज्ञेशने आधीच भरून माझ्या पेटीत स्पंजखाली ठेवला होता. त्यावर काशीनाथांचं नाव होतं, फक्त सही व्हायची होती. त्यांचं चोवीस मार्चचं विमान होतं.

विमान आलंच नाही. वीस तारखेला सरहद्द बंद झाली.

बॅगा भरलेल्याच राहिल्या, क्लबाला टाळं लागलं आणि मी पोलादी कपाटात गेलो. कपाट भिंतीला बोल्टने घट्ट बसवलेलं, आत मिट्ट अंधार. पण रविवारी दुपारी चारला ते उघडायचं. पुण्यात तेव्हा सकाळ असायची. प्रज्ञेश मला दोनदा तपासायचा, आत नकली काडतूस घालायचा, फोन टेबलावर उभा करायचा आणि भिंतीकडे तोंड करून चाप ओढायचा. पलीकडे काशीनाथ डोळे मिटून ऐकायचे.

पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "टकच्या आधी खर्र येतंय. चापाच्या आतल्या पातीच्या डाव्या कडेला बर राहिलीय."

बर म्हणजे धातू कापल्यावर कडेला राहते ती बारीक धार. मित्रांनो, दहा हजार किलोमीटरवरून, स्वस्तातल्या फोनवरून त्या म्हाताऱ्याने माझ्या पोटातला दोष बोट ठेवून दाखवला! प्रज्ञेशने मला उघडून भिंगाखाली पाहिलं. डावीच कड होती. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगू? जन्मल्यापासून कुणी मला इतकं नीट ऐकलं नव्हतं.

यावर उपायही त्यांनी सांगून ठेवला. त्यांच्याकडे धातू घासायचा बोटाएवढा एक तेलाचा दगड होता, चौतीस वर्षं वापरलेला, अंगठ्याने मध्ये खळगा पडलेला. त्या दगडाचे आठ हात मारायचे. आठच. नववा मारला तर पाती ढिली होते. पण हे तू करू नकोस, असं ते प्रत्येक वेळी बजावायचे. कारखान्यात तू मापं घेतोस, पण हे मापाचं काम नाही. मी येतो आणि करतो.

माझ्यावर कुणी नाराज असेल तर ती कांताबाई, प्रज्ञेशची आई. सकाळी पंचशील म्हणायचं आणि कपाटात पिस्तूल ठेवायचं, हे कुठलं रे, असं ती फोनवर सुनावायची. काशीनाथ तिला समजवायचे की कागदाला भोक पाडायचा खेळ आहे, जीव घ्यायचा नाही. मग मी फोनसमोर आलो की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि मुद्दाम भांडी वाजवायची. मग काशीनाथ ओरडायचे, अगं, खर्र ऐकू येत नाही. असे किती रविवार गेले कोण जाणे. मेलबर्न बंद व्हायचं, उघडायचं, पुन्हा बंद व्हायचं. आमचं खर्र आणि टक चालूच.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये एका रविवारी कपाट उघडलं नाही.

काशीनाथांना ताप आला, मग दम लागला. त्यांचा भाचा दिवसभर फिरला तेव्हा कुठे हॉस्पिटलात एक खाट मिळाली. प्रज्ञेशने देश सोडायच्या परवानगीचा अर्ज केला. तेवढ्यात भारताकडची विमानंच थांबली. हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची पावलं मला कपाटातून ऐकू यायची. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या एका सिस्टरने स्वतःच्या फोनवरून बोलणं करून दिलं. प्रज्ञेश तेव्हा कपाटाशेजारीच जमिनीवर बसला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. आवाज मास्कच्या आतून येत होता, मध्ये मध्ये तुटत होता.

"दगड आता तुझा," ते म्हणाले. "आठ हात. नववा नको. आणि मग माझी गोळी तू झाड."

प्रज्ञेश म्हणाला, बाबा, तुम्हीच येऊन करा. अर्जाचं उत्तर यायच्या आत ते गेले.

अंत्यविधी फोनवर झाला. भाच्याने फोन धरला होता. त्रिशरण म्हणताना प्रज्ञेशचा आवाज फुटला आणि पुढचं रूपालीने एकटीने म्हटलं. त्याचं रडणं मी ऐकलं. मला रडता येत नाही, मित्रांनो. आम्हाला ओल चालत नाही.

दगड खडकीला होता. कुरियरने पाठवू का म्हणून कांताबाईने विचारलं, तर प्रज्ञेश नको म्हणाला. हरवला तर? तू येशील तेव्हा हाताने आण, म्हणाला. दगड येईपर्यंत चाप तसाच राहू दे, असं त्याने ठरवलं. हे ठरवलेलं त्याने क्लबात कुणालाच सांगितलं नाही. असल्या गोष्टी चहाच्या टेबलावर कोण सांगतो?

जूनमध्ये क्लब उघडला. कंपनीकडून नव्या माशा आल्या होत्या. ग्रॅहमने तिन्ही पिस्तुलं ठेवून घेतली. प्रज्ञेश फारसा न बोलता मला देऊन गेला. तो गेल्यावर हरपालने ग्रॅहमला सांगितलं, की याचे वडील इंडियात वारले, तो जाऊही शकला नाही.

ग्रॅहमला आठवलं. माय डॅड विल डू इट. आता डॅड करणार नव्हते. त्या भल्या माणसाने चष्मा चढवला, दिवा जवळ ओढला, मला उघडलं आणि पाती काढून हातात घेतली.

अहो, माशी बदला आणि सोडून द्या! मी ओरडत होतो. पण आमचा आवाज बाहेर येतो तो एकाच तऱ्हेने, आणि तो माझ्या हातात नसतो. त्याने फार प्रेमाने, फार सावकाश घासलं. मी मोजत होतो. सहा हातांत बर गेली. काम चोख होतं, नावं ठेवायला जागा नाही.

जुलैच्या सुरुवातीला प्रज्ञेश मला न्यायला आला. माशीचं सांगून झाल्यावर ग्रॅहमने खाली बघत म्हटलं, "आय डिड द ट्रिगर टू. फॉर युअर डॅड, मेट."

प्रज्ञेशने मला उचललं. भिंतीकडे तोंड केलं. चाप ओढला.

टक.

त्याने पुन्हा ओढला. टक. ग्रॅहम त्याच्याकडे बघत होता, आवडलं का म्हणून. प्रज्ञेश म्हणाला, "थँक्स, ग्रॅहम. इट्स परफेक्ट." मग गाडीत जाऊन बसला. मी डिकीत कुलूपबंद पेटीत होतो. गाडी चालू व्हायला पाऊण तास लागला.

त्यानंतर रविवारी कपाट उघडेना. तेल द्यायचं म्हणून महिन्यातून एकदा उघडायचं तेवढंच. माझी ती दोन वर्षं कुणी विचारली तर मी सांगेन, दोष होता तेव्हा मला माणसं होती.

डिसेंबरात सरहद्द उघडली आणि कांताबाई आली. विमानतळावरून घरी आल्यावर तिने चहासुद्धा घेतला नाही. पर्समधून काशीनाथांचा घडी केलेला रुमाल काढला आणि उलगडून दगड टेबलावर ठेवला. मग म्हणाली, ते पिस्तूल काढ. दगड लावायच्या आधी मला एकदा ऐकायचंय. ते रोज त्याच आवाजाबद्दल बोलायचे आणि मी भांडी वाजवत बसायचे.

प्रज्ञेशने तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं. धीरच झाला नव्हता. त्याने कपाट उघडलं, मला तपासलं, पुन्हा तपासलं. कांताबाईने डोळे मिटले, अगदी काशीनाथ मिटायचे तसे.

टक.

ती वाट बघत राहिली. डोळे मिटलेलेच होते.

"आणि ते खर्र?" तिने विचारलं.

प्रज्ञेशने सगळं सांगितलं. ग्रॅहमचं, हरपालचं, त्या पाऊण तासाचं. रूपाली दारात उभी राहून ऐकत होती. कांताबाई चिडली नाही. एवढंच म्हणाली, की तो चांगला माणूस आहे, त्याला काही बोलला नाहीस ना? प्रज्ञेशने नाही म्हणून मान हलवली. तिने दगड उचलला, खळग्यात अंगठा ठेवला. अंगठा लहान पडला.

"मग हा मी कशाला आणला रे?" ती म्हणाली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा रडली.

प्रज्ञेशने दगड पुन्हा रुमालात बांधला आणि कपाटात माझ्याशेजारी ठेवला. आता आम्ही दोघं तिथेच असतो. त्याला तेलाचा जुना वास येतो, खडकीचा असावा. बाबांची गोळी अजून झाडलेली नाही. आठ हात मारल्याशिवाय झाडायची कशी, हे प्रज्ञेशला कळत नाही, आणि मारायचे कशावर हेही कळत नाही. फॉर्म स्पंजखाली आहे, सहीची जागा कोरी.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला तेल मिळतं, कोरडी जागा मिळते, नेम माझा आता नेमका लागतो. माझं एवढंच मागणं आहे, की कुणाची वस्तू दुरुस्त करायला घ्याल तेव्हा कितीही चांगल्या मनाने घ्या, पण आधी एकदा विचारा. आणि तुमच्या घरातही एखादं काम कुणासाठी राखून ठेवलं असेल, तर ते का राखलंय हे चारचौघांत सांगून टाका, लाजू नका. प्रज्ञेशने एक वाक्य बोलायला हवं होतं. ग्रॅहमने एक प्रश्न विचारायला हवा होता. आणि बाबांचं म्हणाल, तर अवघं आठ हातांचं काम होतं.