तिसरी जोडी

जिनेंद्रने सुतळीचं एक टोक उजव्या स्पीकरवर दाबून धरलं आणि दुसरं आकारामच्या कपाळाला टेकवलं. मग तसंच डावीकडून मापलं. दोन्ही अंतरं सारखी भरली. दोन स्पीकरांच्या मधलंही तेवढंच. मोनाने खुर्चीच्या चारी पायांभोवती खडूने खुणा केल्या.

"आता हालू नका," जिनेंद्र म्हणाला. "हितंच बसून ऐकायचं."

आकाराम फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा गुडघ्यांवर हात ठेवून बसला.

मंगळवार पेठेतल्या घराच्या या मागच्या खोलीत तीस वर्षं वायरींची भेंडोळी पडलेली असत. 'आकाराम साउंड' हे नाव तालमी-मंडळांना वेगळं सांगावं लागत नसे. त्याने ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत मिरवणुकीत निघाली की रस्त्याकडेच्या घरांतली भांडी वाजायची. यंदा उन्हाळ्यात ते सगळं त्याने नेसरीच्या एका माणसाला देऊन टाकलं, खोली झाडली, भिंतींना जाड गोधड्या ठोकल्या आणि जाहीर केलं, की आता घरात स्टुडिओ काढणार, भजनी मंडळं रेकॉर्ड करणार. लोक बरं म्हणाले. त्याला खरं काय हवंय ते गल्लीला ठाऊक होतं, म्हणून कुणी खोलात शिरलं नाही.

त्याला बनाबाईचा आवाज हवा होता. बायको जाऊन दहा महिने झाले होते. त्याआधीच्या श्रावणात मोनाने आईला समोर बसवून नागपंचमीच्या फेराची अकरा गाणी चांगल्या माइकवर भरून घेतली होती. मोना पुण्यात एका स्टुडिओत कामाला होती, तिला त्यातलं कळत होतं. डॉक्टरांनी तेव्हाच हात टेकले होते. बनाबाईला ते माहीत होतं, आणि तरी अकरावं गाणं संपल्यावर ती नेहमीसारखी चहा टाकायला उठली होती. आकारामने ती गाणी फोनवर ऐकली, टीव्हीला जोडून ऐकली. कुठेच ती सापडेना. इकडे डोक्यातला आवाजही पुसट होत चालला होता आणि या एका गोष्टीची त्याला भीती वाटत होती. मग रेकॉर्डिंगवाले वापरतात ते मॉनिटर स्पीकर आणायचं त्याने ठरवलं. जिनेंद्रने आपल्या स्पीकरच्या दुकानात सांगितलं होतं, की हे स्पीकर आवाज सजवत नाहीत, आहे तसा समोर ठेवतात.

पहिली जोडी आकारामने मिरवणुकीच्या सवयीने छताजवळ, दोन कोपऱ्यांत, तोंडं खाली करून टांगली आणि चौथ्या दिवशी परत आणली. आवाज जाड येतो म्हणाला. दुसरी कोंदट वाटली. जिनेंद्रच्या दुकानात उघडलेला खोका परत घेतला जात नसे, पण बनाबाईच्या दिवसकार्याला तो स्वतः आला होता, तेव्हाचा आकारामचा चेहरा त्याच्या लक्षात होता. तिसऱ्या जोडीला तो हातात सुतळी घेऊन घरीच आला. कोपरे टाळले, भिंतीपासून हातभर अंतर ठेवलं, स्पीकर कानाच्या उंचीला आणले. चूक मांडणीतच असणार अशी त्याची खात्री होती. दसऱ्याला आलेली मोनाही मदतीला उभी राहिली.

मोनाने पहिलं गाणं लावलं.

जिनेंद्र खुर्चीच्या मागे उभा होता. वीस वर्षं स्पीकर विकून त्याचा कान निबर झाला होता, तरी त्याच्या अंगावर काटा आला. बाई खोलीत येऊन बसल्यासारखी वाटली. ओळ उचलण्याआधी तिने घेतलेला श्वास ऐकू येत होता, ताल धरताना बांगड्यांचा होणारा बारीक आवाज येत होता. मध्येच कुठलासा शब्द विसरल्यावर ती स्वतःशीच हसली तेही आलं. आवाज मऊ होता, शेजारी झोपलेल्या लेकराची झोपमोड होऊ नये असा. जिनेंद्रने डोळे पुसले आणि काम फत्ते झालं असं समजून सुतळी गुंडाळायला घेतली.

"न्हाई," आकाराम म्हणाला.

"काय न्हाई?"

"ही मोनाची आई न्हाई, शेठ. दुसरीच कोण तरी बाई हाय. तोंडात पदर धरून गातीया."

मग तो बायकोच्या आवाजाबद्दल बोलू लागला. खणखणीत आवाज होता. जेवायला हाक मारली की गल्लीच्या टोकाला कळायचं आज काय शिजलंय. माझ्या साउंडचा एक हॉर्न जळाला तर तुलाच ट्रॉलीवर बसवतो, असं तो तिला पाव्हण्यांदेखत म्हणायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. जिनेंद्रही तेव्हा हसला होता. आजही तो सवयीने हसला. मोना हसली नाही.

आकाराम उठला. स्पीकरच्या पाठीमागे उंच, टोकदार आवाज वाढवायचा खटका असतो, तो त्याने दोन्हीकडे शेवटपर्यंत सरकवला, आवाजही चढवला आणि खुणेवर येऊन बसला. बनाबाईच्या तोंडचा प्रत्येक 'स' सुईसारखा टोचू लागला. बांगड्या पत्र्यावर आपटल्यागत वाजल्या. मोनाने कानांवर हात ठेवले, जिनेंद्र दोन पावलं मागे सरला. आकाराम मात्र पुढे वाकला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी आशा दिसत होती.

"आता जरा जरा याय लागलीया," तो म्हणाला.

जिनेंद्रच्या लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. आवाजाच्या धंद्यातला माणूस असून त्याने दोन जोड्या बदलून दिल्या होत्या. कोल्हापुरात सगळेच मोठ्याने बोलतात, त्यात एखाद्याला कमी ऐकू येतं हे कळायचं कसं? आणि आकाराम तर मिरवणुकीत छातीवर हात ठेवून बेसचं माप सांगायचा. लोक त्याला त्याची कला समजत. तीस वर्षं तो त्या स्पीकरच्या भिंतीला खेटून उभा होता.

जिनेंद्रने गाणं थांबवलं, खटके जागेवर आणले. चौथी जोडी मागवून बघू, असं काहीतरी तो पुटपुटला.

"नको काका," मोना म्हणाली. ती वडिलांच्या समोर येऊन खाली बसली. "पप्पा, स्पीकरात काय खोट न्हाई. आई अशीच बोलायची. माझ्याशी, शेजारणींशी, सगळ्यांशी. तिचा आवाज बारीकच होता."

आईचा आवाज बारीक होता, हे सांगतानाही तिला स्वतःचा आवाज चढवावा लागत होता.

"मग माझ्याशी?" आकाराम म्हणाला.

"तुमाला ऐकाय यावं म्हणून."

मग तिने सगळं सांगितलं. एका गणपतीनंतर कुकरची शिट्टी त्याला कळेनाशी झाली, ते बनाबाईने ओळखलं. साउंडवाल्याचे कान गेले म्हटल्यावर कुठलं मंडळ त्याला काम देणार, आणि त्याच्या जिवाला किती लागणार, म्हणून कुणाला बोलायचं नाही असं तिने मोनाला बजावलं. तेव्हापासून ती त्याच्याशी ओरडून बोलायची. रात्रीपर्यंत घसा बसायचा. मिठाच्या गुळण्या करताना त्याने विचारलंच, तर धूळ गेली म्हणायची.



"किती वर्सं?"

"बारा."

"बारा वर्सं मी चारचौघांत तिची चेष्टा केली."

मोनाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आईला त्याचा राग नव्हता, हसतात तर हसू दे म्हणायची, असं तिने सांगितलं. ते खरंच होतं. पण ते ऐकून आकारामचा चेहरा असा झाला, की सांगायला नको होतं असं तिला वाटलं. जिनेंद्र गोधडीच्या एका टाक्याकडे बघत उभा राहिला.

"मोना," आकाराम म्हणाला, "लाव परत. पयल्यापासनं."

मोनाने त्याच्यासाठी आवाज चढवायला हात नेला, तसा त्याने तिचा हात धरला.

"वाढवू नको. ती जेवढ्या आवाजात गायली, तेवढाच ठेव."

"पप्पा, तुमाला ऐकाय येणार न्हाई."

"न्हाई येऊ दे. तिला आता वरडाय लावू नको."

मोनाने आवाज खाली आणला, आई समोर बसून गात होती तेवढ्यावर, आणि गाणं सुरू केलं. आकाराम खडूच्या खुणांमध्ये ताठ बसून राहिला. त्याच्यापर्यंत भिंतीपलीकडच्या कुजबुजीएवढं काहीतरी आलं, मग तेही हरवलं. त्याने स्पीकरांकडे बघायचं सोडून दिलं आणि लेकीच्या तोंडाकडे बघू लागला. तिचे ओठ आईबरोबर हलत होते. मध्येच एकदा ती रडता रडता हसली, तेव्हा बना शब्द विसरून नेहमीसारखी स्वतःशीच हसली असणार हे त्याला कळलं, आणि तोही हसला.