चौदा पेटाज्यूल

आमच्या शाखेत माणसं दोनच. मी आणि ताई. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आणि करारावर. म्हणजे शाखा बंद झाली तर माझी बदली जुन्या फॉर्मांच्या गोदामात आणि ताईला सरळ घरचा रस्ता. संचालकांनी हे अगदी शांतपणे, चहा पिता पिता सांगितलं. "गुरुवारच्या बैठकीपर्यंत तो चौदाचा फरक मिटवा. नाहीतर ऊर्जा लेखे प्रसिद्ध करणं थांबवू. जे जुळत नाही ते छापायचं कशाला?"

प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला.

आमचं काम लोकांना समजावताना माझ्या नाकी नऊ येतात, तरी सांगते. देशात एका वर्षात किती इंधन जळलं, किती वीज वापरली, याचे आकडे दोन ठिकाणी तयार होतात. ऊर्जा खातं ताळेबंद करतं. त्यांचा नियम सोपा: देशाच्या हद्दीत जे विकलं आणि जळलं ते मोजायचं, मग जाळणारा कुठलाही असो. आमच्या सांख्यिकी कार्यालयाचा नियम वेगळा: आपल्या लोकांनी जे जाळलं ते मोजायचं, मग ते जगात कुठेही जाळलेलं असो. त्यामुळे त्यांच्या आकड्यावरून आमच्या आकड्यावर यायचं तर आपले ट्रक, विमानं आणि मासेमारी बोटी बाहेरच्या देशात जे भरतात ते मिळवायचं आणि परदेशी लोक इथे येऊन भरून जातात ते वजा करायचं. एवढं केलं की दोन्ही बेरजा जुळायला हव्यात.

त्या जुळत नव्हत्या. त्यांच्या बाजूने आलेली बेरीज अकरा वर्षं आमच्यापेक्षा जास्त भरत होती, आणि आता हा फरक चौदा पेटाज्यूलवर गेला होता. पेटाज्यूल हे ऊर्जेचं माप आहे, आणि चौदा पेटाज्यूल म्हणजे एका मोठ्या शहराच्या वर्षभराच्या विजेएवढं. खिशातून पडलं म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

ऊर्जा खात्यातला ताळेबंद एकच माणूस करायचा. त्यांना आम्ही पाठीमागे 'तिजोरी' म्हणायचो. आकडा मागितला की ते कपाट बंद करून किल्ली खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "छापलंय ते बघा." महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. मला या शाखेत अकरा वर्षं झाली, आणि त्यातली गेली सहा वर्षं प्रत्येक बैठकीत मी त्यांच्याशी भांडत आले होते. तुमचे आकडे कचरा आहेत, असंही एकदा चारचौघांत म्हणाले होते. ते मूग गिळून बसायचे, आणि त्यांच्या त्या गप्प बसण्याने माझं डोकं आणखी फिरायचं.

ताईचं आणि माझं सगळं तपासून झालं होतं. कोळशाची प्रत, गॅसची उष्णता मोजायची पद्धत, कारखान्यांची स्वतःची वीज, सगळं. चौदा जागचं हलेना. ताईने तर टेबलाचा खण आवरायला घेतला. "ठेव ते खाली," मी ओरडले. ती म्हणाली, "अगं, पेनं तर माझीच आहेत."

रविवारी आम्ही नणंदेकडे जेवायला गेलो. तिचा नवरा मासेमारी बोटीवर कप्तान आहे, वर्षातले आठ महिने समुद्रावर. माझं लक्ष जेवणात नव्हतंच. वन्संनी ते ओळखलं आणि विषय बदलावा म्हणून घराच्या रंगाकडे बोट दाखवलं.

"वहिनी, रंग टिकलाय की नाही बघा. चार वर्षं झाली. हे घरी होते ना त्या वर्षी, तेव्हा लावला."

"घरी? वर्षभर?"

"तर काय! पलीकडच्या देशाने त्यांच्या समुद्रात मासे धरायचा परवानाच दिला नाही. सगळ्या बोटी इथेच किनाऱ्याजवळ. हे सकाळी जायचे आणि संध्याकाळी हजर. वर्षभर माझं डोकं खाल्लं. भाजीत मीठ कमी, पंखा जोरात, हे असं का, ते तसं का! मी तर देवाला म्हटलं, यांना परवाना दे, नाहीतर मला बोट दे."

सगळे हसले. माझा घास हातातच राहिला. चार वर्षांपूर्वी! अकरा वर्षांत ते एकच वर्ष असं होतं की आमचा फरक जेमतेम एकवर आला होता. नशिबाने साथ दिली असं समजून त्या वर्षी आम्ही पेढे वाटले होते. नशीब कसलं? बोटी बाहेर गेल्या नाहीत, बाहेर डिझेल भरलं नाही आणि फरकही पडला नाही. म्हणजे चौदाचं भूत बोटींच्या डिझेलमध्ये होतं, आणि मी ते सहा वर्षं कोळशात शोधत होते. मी कपाळावर हात मारला, तोही खरकटा.

सोमवारी आम्ही बंदर गाठलं. ऊर्जा खातं बोटींचं डिझेल धरतं ते डेपोंच्या विक्रीवरून, आणि बोटींना डिझेल देणारे डेपो देशात तीनच. जवळच्या डेपोची पर्यवेक्षक चटपटीत बाई होती. तिने तिन्ही डेपोंच्या अकरा वर्षांच्या विक्रीची शिक्का मारलेली पत्रकं तासाभरात हातात ठेवली. वर म्हणाली, "आजवर कुणी मागितलीच नाहीत." तिथल्याच बाकावर बसून आम्ही ती ऊर्जा खात्याच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिली. ताई आकडे वाचत होती आणि मी वजाबाकी करत होते. प्रत्येक वर्षी तक्त्यात डेपोंची विक्री खऱ्या विक्रीपेक्षा जास्त दाखवलेली. फक्त ते रंगाचं वर्ष सोडून. गेल्या वर्षीची जास्तीची विक्री तिन्ही मिळून तेरा पूर्णांक सात.

ताईने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि तिसऱ्यांदा बेरीज केली. तेरा पूर्णांक सातच.

मंगळवारी पत्रकं घेऊन मी तिजोरींच्या खोलीत घुसले. आज यांना सोडायचं नाही, असं ठरवूनच. पत्रकं टेबलावर आपटली.

"डेपोने न विकलेलं डिझेल तुमच्या तक्त्यात आलं कुठून, सर?"

त्यांनी पत्रकं एकेक करून शेवटपर्यंत पाहिली. मग खिशातून किल्ली काढून कपाट उघडलं आणि एक वही माझ्यापुढे ठेवली. बोटींनी बाहेरच्या बंदरांत भरलेलं डिझेल, वर्षवार, सुवाच्य अक्षरात. गेल्या वर्षीचा आकडा मी आमच्या तक्त्यात धरलेल्या अंदाजापेक्षा तीन दशांशांनी कमी, इतकंच.

"तुमच्या आधीचे साहेब होते ना," ते म्हणाले, "त्यांनी भर बैठकीत मला झापलं होतं. म्हणाले, बोटी बाहेर डिझेल भरतात, ते तुम्ही धरतच नाही, म्हणून आमचं जुळत नाही. मला फार लागलं. दोन दिवस जेवलो नाही. पण म्हटलं, त्यांची अडचण खरी आहे. मग मीच ते डिझेल तीन डेपोंत वाटून मिळवायला लागलो. आयातीतही तेवढंच वाढवायचो, म्हणजे माझा ताळेबंद बरोबर राहायचा. साहेबांची पुढच्या महिन्यात बदली झाली. त्यांना सांगायचं राहून गेलं."

"आणि नंतर मी आले, आणि तेच डिझेल पुन्हा मिळवलं," मी म्हणाले. माझा आवाज खाली आला होता. "सर, मला तरी सांगायचंत!"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. सहा वर्षं तुम्ही नुसत्या ओरडलात, बाई. आकडे मागितलेत, पण ते कसे काढतो हे विचारलंत कधी?"

माझी मलाच लाज वाटली. ज्याला मी कामचुकार समजत होते तो माणूस अकरा वर्षं आमचंच काम सोपं करत होता, आणि मी आमच्या बाजूने तेच काम पुन्हा करत होते. दोघांनी एकमेकांना न विचारता केलेलं एकच काम मिळून चौदाचा खड्डा झाला होता.

"गुरुवारी हे सांगावं लागेल," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. होकार होता की नकार, मला कळलं नाही.

गुरुवारी बैठकीत वीस माणसं होती. मी तक्ता पडद्यावर लावला. संचालकांनी विचारलं, "फरक?"

"शून्य पूर्णांक तीन."

खोलीत कुजबुज झाली. संचालक पुढे झुकले. "चौदा गेला कुठे?"

"एक आकडा दोनदा धरला जात होता. आमच्या तक्त्यात एकदा, आणि..." मी अडकले. या माणसाला वीस जणांत उघडं पाडायची संधी मी सहा वर्षं शोधत होते. आता ती हातात होती आणि मला नकोशी झाली होती. "आणि दुसऱ्यांदाही आम्हीच विचारायला हवं होतं," असं काहीतरी मी बोलले.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिजोरी उभे होते.

"दुसऱ्यांदा मी धरला," ते म्हणाले. "अकरा वर्षं. कुणालाही न सांगता. आमच्या खात्याच्या एकाही तपासणीत ते सापडलं नाही, कारण माझा ताळेबंद दरवर्षी जुळायचा. या दोघींचा जुळत नव्हता आणि त्या तो लपवत नव्हत्या, म्हणून सापडलं. साहेब, ही शाखा नसती तर माझी चूक या महिन्यात माझ्याबरोबर रिटायर झाली असती, आणि देशाच्या आकड्यांत कायमची राहिली असती."

संचालकांनी समोरची विषयपत्रिका ओढली. 'शाखा बंद करणे' या विषयावर त्यांनी पेनने आडवी रेघ मारली, पुन्हा एकदा मारली, आणि मान वर न करता म्हणाले, "अकरा वर्षांचे सुधारित तक्ते लागतील. करारावर कोण आहे तुमच्याकडे?"

"मी," ताई म्हणाली.

"अकरा वर्षांचं काम करारावर होत नाही. कायम करण्याचा प्रस्ताव आजच पाठवा."

मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. वीस माणसं होती म्हणून नाचले नाही, पण रडले मात्र सगळ्यांसमोर, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. ताई माझ्या पाठीवर थापा मारत होती. तिजोरी टेबलाला वळसा घालून आमच्याकडे आले आणि कपाटाची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"उद्या दहाला या," ते म्हणाले. "निवृत्तीला सतरा दिवस आहेत. काय हवं ते विचारा."